पडद्याचे माप आणि अक्षरांची उंची

कापड घ्यायला गेलो तर आपण मीटर विचारतो, शेत घ्यायचे झाले तर एकर विचारतो. लॅपटॉपच्या दुकानात मात्र एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे माप सांगतात आणि आपण मान डोलावतो. हे तिरपे माप आले कुठून, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. बहुधा दुकानदारालाही नसते. त्यामागे सव्वाशे वर्षांची हकीकत आहे, आणि ती कळली तर पैसे व डोळे दोन्ही वाचतात.

पडदा आपल्याला नवा नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा जादूच्या कंदिलाचा खेळ उभा केला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे झळकली. पुढच्याच वर्षी आमच्या अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. म्हणजे वऱ्हाडात पुढारी जमले त्या सुमारास पडदाही हिंदुस्थानात पाऊल टाकून चुकला होता.

त्या पडद्याची चौकट कोणी ठरवली? एडिसनच्या कारखान्यातल्या डिक्सन नावाच्या गृहस्थाने. त्याने फिल्मच्या पट्टीवर जे चित्र बसवले त्याची रुंदी चार भाग आणि उंची तीन भाग होती. पुढे दूरदर्शनच्या पेटीने तीच चौकट उचलली. आरंभीच्या पेट्यांची काच गोल असे आणि गोलाचे माप म्हणजे त्याचा व्यास. काच चौकोनी झाली, पण मोजायची सवय तशीच राहिली. व्यासाच्या जागी कर्ण आला, एवढेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा ते तिरपे माप आपल्याकडेही आले.

इकडे सिनेमावाल्यांना घरच्या पेटीची धास्ती पडली. १९५३ साली सिनेमास्कोप निघाला आणि पडदा आडवा पसरला. आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’ त्या रुंद पडद्यावर आला. पुढे दूरदर्शनही रुंदावले, सोळास नऊ झाले, आणि लॅपटॉपने ती चौकट डोळे मिटून घेतली. सिनेमाला ती शोभते. पण पुस्तकाचे पान कोणी आडवे छापते काय?

आता थोडे गणित; शाळामास्तराला ते सुटत नाही. सोळास नऊच्या १५.६ इंची पडद्याची रुंदी १३.६ इंच, उंची सुमारे ७.६ इंच. सोळास दहाच्या १४ इंची पडद्याची रुंदी ११.९ इंच आणि उंची ७.४ इंच. म्हणजे ‘मोठा’ घेऊन उंचीत मिळाले जेमतेम पाव इंच! बाकीचे माप आडवे गेले, आणि ते ओझे खांद्यावर आले. अमरावती-अकोला अप-डाउन करणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. १९८१ चा ऑस्बर्न हा उचलून नेण्याचा संगणक सुमारे ११ किलोंचा होता आणि त्याचा पडदा ५ इंचांचा. त्या मानाने आपण सुखी आहोत.

पडद्याच्या जातीची कथा तर गाजरापासून सुरू होते. १८८८ साली प्राग शहरात रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवीत होता. ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना नितळ. हाच द्रवस्फटिकाचा पहिला शोध. द्रवासारखा वाहणारा, पण स्फटिकासारखी शिस्त पाळणारा हा पदार्थ पुढे विजेच्या इशाऱ्यावर उजेड अडवू आणि सोडू लागला. त्याची जुनी जात टीएन. स्वस्त, पण जरा बाजूला बसले की रंग उडतात. १९९६ साली जपानच्या हिताचीने आयपीएस जात आणली. ती बाजूनेही नीट दिसते. तिसरी जात ओलेड. तिचे मूळ १९८७ साली कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी केलेल्या कामात आहे. तिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. मात्र एकच चित्र वर्षानुवर्षे ठेवले तर त्याचा पुसट डाग राहू शकतो.

जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या पाठीमागे बसलेल्यांना नावे उलटी दिसत, पण सिनेमा तरी दिसे. टीएनच्या बाजूला बसणाराला तेही सुख नाही!

कापूस विकून झाल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील मला अकोल्यात भेटले.

“सर, पोरीले कालेजसाठी लॅपटॉप घ्याचा हाये. दुकानदार म्हन्ते, सगळ्यात मोठा घ्या. तुमीच सांगा बाप्पा, पैसा कापसाचा हाये.”

मी विचारले, “भाऊ, पोरगी त्यावर काय करणार?”

“वाचन, लिव्हन. अन् थे शेवटच्या वर्षीचं टायपिंग.”

“मग मोठा नको, उंच पाहा. आयपीएस घ्या. चकचकीत काच नको. आपल्या उन्हात तिच्यात पोरीचाच चेहरा दिसेल.”

त्यांना चकाकीचे तेज ३०० निट्सच्या वर असावे, हेही एका कागदावर लिहून दिले. वऱ्हाडातला वैशाख म्हणजे उघड्या खिडकीतही डोळे दिपवणारा. फिका पडदा तिथे कुचकामी.

एक गोष्ट मात्र कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. इंग्रजी अक्षर एका मजल्याचे, आपले तीन मजल्यांचे. शिरोरेखेवर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मुंबईत निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी आणि अक्षरे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांनी शिशाच्या ठशांत हे तिन्ही मजले नीट बसवण्यासाठी जन्म वेचला. आता ते काम ठिपक्यांवर आले आहे. १५.६ इंची पडद्यावर आडवे १३६६ ठिपके असले तर एका इंचात सुमारे १०० ठिपके पडतात आणि रफार-अनुस्वार एकमेकांत मिसळतात. १४ इंचांत १९२० बाय १२०० असतील तर इंचाला सुमारे १६० पडतात, मग अक्षर सुटे आणि स्वच्छ दिसते.

तेव्हा या दिवाळीत घरात लॅपटॉप यायचा असेल तर दुकानात रंगीत फुलांचे चित्र दाखवतील, त्याला भुलू नका. एक मराठी पान उघडायला सांगा आणि त्यात ‘धृष्टद्युम्न’, ‘आर्द्र’, ‘पूर्वी’ हे शब्द नेहमीच्या आकारात वाचून पाहा. मग थोडे डावीकडे सरका, थोडे उजवीकडे, आणि जमल्यास दाराशी उजेडात न्या. घरच्या आजीलाही बरोबर न्या; चष्मा न सावरता तिला वाचता आले, तर बिलाचे पैसे खुशाल मोजा.