खातेदार ग्रंथ

गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला, तो काखेत एक जाडजूड वही घेऊन. चार मित्रांनी टेबलाभोवती बसायचे, कुणी योद्धा व्हायचे, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि फासे टाकत टाकत एक कथा पुढे न्यायची, असा काहीसा हा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने त्याचे नियम छापले. त्या पहिल्या नियमांतही जादूच्या तलवारींना बुद्धी आणि अहंकार होता म्हणे. भाच्याने त्यात आपल्या पदरचा एक ग्रंथ घातला होता. कायद्याचा ग्रंथ, पण जिवंत. त्याला स्वतःची इच्छा आहे. राजासुद्धा त्याच्यापुढे खाली बसतो. तंटा आला की ग्रंथ आपोआप एका पानावर उघडतो आणि ते पान म्हणजे निकाल. त्याच्या नावावर जमीनही आहे.

‘‘मामा, जमिनीचं जरा जास्तच झालं ना? पुस्तक कसं मालक होईल?’’

मी म्हणालो, ‘‘बाकीचं तुझं तू बघ. पण जमिनीचं खरं आहे. आपल्याच देशात आहे आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. शिवाय तो ग्रंथ ज्या गावी गुरुपदावर बसला, ते गाव आपल्याकडून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतावं इतक्या अंतरावर आहे.’’

पोरांच्या खेळाची आणि लक्षावधी लोकांच्या श्रद्धास्थानाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. मुलाने कल्पनेने जे रचले, त्याच्याजवळ जाणारे काही इतिहासात माणसांनी प्रत्यक्ष घडवले आहे. ते त्याला सांगता सांगता माझीच उजळणी झाली. तीच इथे मांडतो.

आपल्या बीदर-भालकीकडच्या वाचकांना जमिनीचा मुद्दा समजायला जड जाऊ नये. गावोगाव देवाच्या नावे इनाम जमिनी होत्या. आमच्या गावच्या पहाणीत एका शेताचा खातेदार म्हणून मारुतीचे नाव होते. लहानपणी मला प्रश्न पडे, की मारुती तहसिलात सही करायला जातो तरी कसा? कायद्याचे उत्तर असे, की देव ही ‘विधिमान्य व्यक्ती’ आहे. तिची मालमत्ता असते, तिच्या वतीने दावा लावता येतो. व्यवहार मात्र पुजारी-पंच पाहतात. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातला वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. भाऊबंदांच्या पाळीप्रमाणे मूर्ती या घरातून त्या घरात न्यायची की नाही, असा तो वाद. कौन्सिलने सांगितले, की यात देवाच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे आणि ती मांडायला एखादा निःस्वार्थी माणूस नेमावा. लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांनी बंगाली घरातल्या देवाची इच्छा विचारली, याची मला अजून गंमत वाटते.

पण ती मूर्ती होती. ग्रंथाची गोष्ट निराळी, आणि ती सुरू होते १६०४ साली अमृतसरला. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आधीच्या गुरूंची, आपली स्वतःची आणि हिंदू-मुसलमान संतांची पदे एकत्र केली. भाई गुरदासांनी ती लिहून काढली आणि ग्रंथाची हरमंदिर साहेबात स्थापना झाली. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी त्यात आपल्या वडिलांची, गुरू तेगबहादुरांची पदे घातली. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला गोदाकाठी होते. तिथे एका पठाणाने त्यांच्यावर खंजिराचा वार केला. परंपरा सांगते, की अखेरच्या वेळी त्यांनी ग्रंथापुढे पाच पैसे आणि नारळ ठेवला, मस्तक टेकवले, आणि यापुढे माणूस गुरू होणार नाही, हा ग्रंथच गुरू, असे सांगितले. मॅक्लिऑडसारख्या अभ्यासकाने या प्रसंगाच्या पुराव्यांवर शंका घेतली, तर गंडासिंगांसारख्या इतिहासकाराने कागद पुढे ठेवून तिला उत्तर दिले. मला इतकेच दिसते, की त्यानंतर तीनशे वर्षांहून अधिक काळ एक मोठा समाज या वचनाला धरून राहिला आहे.

‘ग्रंथ गुरू आहे’ हे नुसते म्हणायचे वाक्य नव्हे. त्याच्या पानांना पाने म्हणत नाहीत, ‘अंग’ म्हणतात. छापील प्रतीत अशी १४३० अंगे. पहाटे ग्रंथ उघडतात तो ‘प्रकाश’ आणि रात्री मिटून निजायच्या जागी नेतात ते ‘सुखासन’. वर छत, खाली गादी, अंगावर रुमाल, बाजूला चवरी ढाळणारा सेवेकरी. जीर्ण प्रत रद्दीत जात नाही, तिला सन्मानाने अग्नी देतात. मूल जन्मले की ग्रंथ उघडतात आणि जे पद निघेल त्याच्या आद्याक्षरावरून नाव ठेवतात. नवरा-नवरी फेरे घेतात ते याच ग्रंथाभोवती. रोज ग्रंथ उघडून डाव्या अंगावर जे पद येईल ते मोठ्याने वाचले जाते. त्याला ‘हुकूम’ म्हणतात.

भाच्याला मी म्हटले, ‘‘आमचा ग्रंथही निकाल देतो बघ. फक्त तो आपोआप उघडत नाही. माणूस उघडतो.’’

तो हसून म्हणाला, ‘‘मग उघडणाराच आपल्याला हवं ते पान काढेल की!’’

प्रश्न बरोबर होता. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी त्या मुलाची पाठ थोपटली असती. त्याला उत्तर म्हणून मी १२ ऑक्टोबर १९२० ही तारीख सांगितली.

त्या काळी हरमंदिर साहेबाचा कारभार सरकारने नेमलेल्या ‘सरबराह’ नावाच्या व्यवस्थापकाच्या हाती होता. त्या दिवशी अमृतसरला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले काही लोक अमृत घेऊन शीख झाले होते. खालसा कॉलेजातले काही प्राध्यापक आणि इतर मंडळी त्यांना घेऊन दरबारात गेली. हातात कढा प्रसाद होता. पुजाऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. यांचा प्रसाद नाही, यांच्यासाठी प्रार्थना नाही. शब्दाने शब्द वाढला. शेवटी ठरले, की आपसात भांडण्यापेक्षा ग्रंथालाच विचारावे.

ग्रंथ उघडला. निघाले ते तिसरे गुरू अमरदास यांचे पद. आशय असा, की ज्यांच्या अंगी काही गुण नाही त्यांनाही सद्गुरू आपल्या कृपेने पदरात घेतो आणि सेवेला लावतो. पुजाऱ्यांना पुढे बोलायला जागा उरली नाही. प्रसाद घेतला गेला, प्रार्थना झाली. मंडळी तशीच समोरच्या अकाल तख्ताकडे वळली, तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेलेले. त्या रिकाम्या जागेवर सेवेची नवी व्यवस्था बसली. पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली, आणि मोठ्या लढ्यानंतर १९२५ चा गुरुद्वारा कायदा आला.

पान योगायोगाने निघाले, असे कुणी म्हणेल. म्हणो. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्यांच्या ताब्यात ग्रंथ होता त्यांच्याच विरुद्ध निकाल गेला आणि तो त्यांनी मानला. आपल्या पंढरपुरात विठ्ठलाचे दार सर्वांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता न्यायालय. पतियाळाकडच्या बिलासपूर गावात एक धर्मशाळा होती आणि तिला जमीन होती. पतियाळा संस्थानाच्या १९२१ च्या फर्मानावरून तिथली नोंद गुरू ग्रंथ साहेबांच्या नावे झाली. पुढे ती जागा शीख गुरुद्वारा की उदासी पंथाची धर्मशाळा, असा वाद उभा राहिला, आणि एका पक्षाने मुळावरच घाव घातला: ग्रंथ ही व्यक्तीच नव्हे, तेव्हा त्याच्या नावची नोंदच पोकळ. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. बहुमत ग्रंथाच्या विरुद्ध गेले. शीख मूर्तिपूजा मानत नाहीत, मग ग्रंथाला मूर्तीचा न्याय लावायचा कसा, ही त्यातली मोठी अडचण होती. २००० सालच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालय म्हणाले, की विधिमान्य व्यक्ती होण्यासाठी मूर्तीच असावे लागते असे नाही. शिखांसाठी ग्रंथ हाच गुरू आहे, तेव्हा तो मालमत्ता धारण करू शकतो.

मात्र त्याच निकालात एक मर्यादा आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. प्रत्येक छापील प्रत काही व्यक्ती होत नाही. घरी ठेवलेली किंवा कुणी हातात धरून नेत असलेली प्रत पूज्य खरी, पण कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नव्हे. गुरुद्वारात विधिपूर्वक स्थापना झाली, संगत त्यापुढे बसू लागली, की मग ते व्यक्तित्व येते. म्हणजे ते कागदातून आले नाही, शाईतूनही नाही. (२०१७ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही जिवंत व्यक्ती ठरवले होते, त्याला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली.) शिखांच्या आचारनियमांची ‘रहत मर्यादा’ हे वेगळे छोटे पुस्तक आहे. १९४५ साली ते मंजूर झाले. नियम त्यात आहेत, पण त्याला कुणी चवरी ढाळत नाही.

‘‘म्हणजे माझा ग्रंथ राजवाड्यातून चोरीला गेला, तर त्याची शक्ती जाईल,’’ भाचा म्हणाला आणि वहीत काहीतरी खोडू लागला.

२००८ साली नांदेडला गुरुपदाच्या त्रिशताब्दीचा मोठा सोहळा झाला, त्या सुमारास आम्ही शाळेची सहल तिकडे नेली होती. नांदेड आणि बीदर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या विधानसभेने अखेरच्या वर्षी नांदेडच्या गुरुद्वाराचा कायदा केला, आणि लगेच राज्यच उरले नाही. नांदेड तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. पंज प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग आपल्या बीदरचे, हे मी गाडीत मुलांना सांगितले तेव्हा अर्ध्याअधिक मुलांना ते ठाऊक नव्हते. झिऱ्याचे पाणी मात्र सगळ्यांनी प्यालेले!

सचखंडात कीर्तन चालू होते. आठवीतली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, ‘‘सर, हे नामदेव म्हणतायत. आपले?’’ मी मान हलवली. नामदेवांची साठाहून अधिक पदे या ग्रंथात आहेत. हीन जातीचा म्हणून देवळातून उठवून दिले, ती व्यथा सांगणारे पदही त्यांत आहे. ज्या माणसाला देवळाबाहेर काढले, त्याचे शब्द आज छत्राखाली, गादीवर आहेत, आणि त्यांच्यापुढे सगळे खाली बसतात.

बाहेर आल्यावर तिने एका वृद्ध सेवेकऱ्याला गाठले. ते पगडीधारी गृहस्थ स्वच्छ मराठीत बोलत होते. नामदेवांची भाषा तिकडे जाऊन किती बदलली, असे तिने विचारले. त्यांनी तिच्या वहीत गुरुमुखीत दोन शब्द लिहून दाखवले आणि दुसऱ्यावर बोट ठेवले. आम्हाला दोघांनाही ती लिपी येत नव्हती. ते म्हणाले, ‘‘पहिला शब्द ‘नामे’. आणि हा ‘चे’. तुमचाच, बाळ. कुणी बदलला नाही.’’