‘मेफ्लॉवर’वरील एका प्रवाशाचें मूळ गांव

१६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ जहाजांतून अमेरिकेस गेलेल्या मंडळींपैकीं कोणा एकापर्यंत आपला वंश पोंचतो, असें दाखविण्याची हौस तिकडील पुष्कळ कुटुंबांस आहे. हौस वाईट नव्हे. पण ती पुराव्याच्या पुढें धांवूं लागली म्हणजे काय होतें, हें त्या जहाजावरील स्टीफन हॉपकिन्सच्या उदाहरणावरून कळतें. त्याचें घराणें इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांतलें, असें अनेक वर्षें छापलें जात होतें. आधार काय, तर मुख्यतः नांवाचा सारखेपणा!

हॉपकिन्स पूर्वींही एकदां अमेरिकेकडे निघाला होता. १६०९ सालीं ‘सी व्हेंचर’ जहाज बर्म्यूडा बेटांजवळ फुटलें. तेथें अडकलेल्यांवर आतां गव्हर्नराची सत्ता उरली नाहीं, असा वाद त्यानें घातला व त्याबद्दल त्यास देहान्ताची शिक्षा झाली. तेव्हां आपल्यामागें बायकोमुलांची धूळधाण होईल, असें त्यानें इतक्या काकुळतीनें विनविलें कीं, शिक्षा माफ करण्यांत आली.

हीं बायकोमुलें होतीं कोठें? ‘मेफ्लॉवर’वर त्याजबरोबर पहिल्या बायकोचीं कॉन्स्टन्स व गाइल्स हीं दोन मुलें होतीं. हॉपकिन्स पुष्कळ सांपडतील. पण बाप स्टीफन, मुलगी कॉन्स्टन्स व मुलगा गाइल्स हा मेळ एकाच गांवीं सांपडणें निराळें. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तो हँपशायर परगण्यांतील हर्स्ली गांवच्या चर्चच्या नोंदवहींत दाखविला. तेथें एलिझाबेथ, कॉन्स्टन्स व गाइल्स या तिघां भावंडांचे बाप्तिस्मे १६०४, १६०६ व १६०८ या सालांखालीं येतात. नोंदी लॅटिनमध्यें असल्यामुळें गाइल्स तेथें ‘एजिडियस’ झाला आहे. शिवाय त्या काळीं इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्याच्या जानेवारींतील बाप्तिस्म्याचें साल वहींत १६०७ असें पडतें. वरवर चाळणाराच्या हातीं तो लागणें कठीणच!

मुलांची आई मेरी. १६१३ च्या मे महिन्यांत तिला हर्स्लीस पुरलें. तिच्या चीजवस्तूंच्या यादींत तिला ‘विधवा’ म्हटलें आहे. नवरा जिवंत असतां ही बाई विधवा म्हणून गेली! जिच्या नांवानें त्यानें प्राणदान मागितलें, तिच्याच मुलांच्या नोंदींवरून पुढें त्याचें ठिकाण लागलें.

हर्स्लीचा धागा धरून शोध पुढें गेला, आणि त्याच परगण्यांतील अप्पर क्लॅटफर्ड येथील १५८१ सालचा एक बाप्तिस्मा बहुतेक त्याचाच असावा, असें आतां मानतात. थोरली एलिझाबेथ मात्र ‘मेफ्लॉवर’च्या यादींत नाहीं.