चौचाकी चालन आणि वळणावरील अडसर

चारही चाकांना इंजिनाची गती देणारे वाहन कोरड्या, टणक रस्त्यावर तीव्र वळण घेऊ लागले की पुष्कळदा अडखळते, हिसके देते आणि ब्रेक दाबून धरल्याप्रमाणे जड होते. हा बांधणीतील दोष होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ भूमितीत असून, तो दूर करावा की सोसावा याचा निर्णय यंत्रकारांनी वेळोवेळी जाणूनबुजून घेतलेला आहे.

वळताना चारही चाके एकाच केंद्राभोवती फिरतात; परंतु प्रत्येकाची त्रिज्या निराळी असते. पुढच्या व मागच्या आसांत २.५ मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर असलेले वाहन घेऊ. मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येवर चालला, तर पुढच्या आसाचा मध्य ६.५ मीटर त्रिज्येवर चालतो. काटकोनात वळताना मागच्या दोन चाकांच्या मार्गांत सुमारे २.२ मीटरचा फरक पडतो. पुढच्या व मागच्या आसांच्या मार्गांत मात्र सुमारे ०.८ मीटरचाच.

पहिल्या फरकावर उपाय मोटारीच्या जन्मापूर्वीच सापडला होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने एकाच आसावरील दोन चाकांना भिन्न वेगाने फिरू देणारी दंतचक्रांची योजना सिद्ध केली. तीच आजचा डिफरन्शिअल होय. दोनच चाके चालविणाऱ्या वाहनास एवढे पुरेसे असते, कारण दुसरा आस मोकळा असल्याने त्याला आपल्या गतीने फिरता येते. दोन्ही आस इंजिनाला जोडले म्हणजे दुसरा, लहान फरक प्रश्न होऊन पुढे उभा राहतो.

त्याचेही उत्तर अज्ञात नव्हते. पहिल्या महायुद्धातील एफडब्ल्यूडी मॉडेल बी या अमेरिकन मालमोटारीत दोन आसांच्या मध्ये स्वतंत्र डिफरन्शिअल होता. तथापि १९४१ पासून मोठ्या संख्येने निघालेल्या विलीज जीपमध्ये तो नाही. तेथे पुढचा व मागचा आस ताठ जोडले जातात. चिखलात चाक किंचित घसरते आणि तो ०.८ मीटरचा फरक आपोआप जिरतो. कोरड्या रस्त्यावर घसरण्यास वाव नसल्याने दंडांत पीळ भरत जातो; तो टायरच्या पकडीपेक्षा वरचढ झाला की टायर खरडतो, पीळ सुटतो आणि पुन्हा भरू लागतो. या आवर्तनालाच आपण थरथर म्हणतो. जीपमध्ये पुढचा आस सोडविण्याची दांडी दिलेली होती, यावरून रचनाकारांना या मर्यादेची पूर्ण जाणीव होती हे उघड आहे.

पुढील प्रयत्न या दांडीचे काम यंत्राकडे सोपविण्याचे होत. पुढे जाताना पुढच्या चाकांचा मार्ग नेहमीच लांब असतो, हे हेरून १९४८ च्या लँड रोव्हरमध्ये पुढच्या आसाला अधिक वेगाने धावू देणारी, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना केली गेली. १९५० च्या सुमारास ती मागे पडली. १९६६ च्या जेन्सन एफएफ व १९७० च्या रेंज रोव्हर या मोटारींत मधला डिफरन्शिअल आला. परंतु त्याची किंमत मोजावी लागली : एक चाक निसरड्यावर सापडले की सारी शक्ती तिकडेच वाहून जाते. म्हणून रेंज रोव्हरला मधला डिफरन्शिअल जखडण्याची सोय ठेवावी लागली, आणि ती वापरताच जीपचा जुना अडसर परत येतो. दाट द्रवाच्या किंवा घर्षणपट्ट्यांच्या जोडणीने पुढे या दोहोंत तडजोड साधली. पण तेथेही तेल खराब झाले, वा चारही टायर सारखे झिजलेले नसले, की थरथर उद्भवू शकते.

एतावता हा इतिहास केवळ पकड वाढविण्याचा नव्हे. पकड आणि मोकळीक यांच्या देवघेवीचा आहे. ‘फोर व्हील ड्राइव्ह’ हे नाव, किंवा ‘चार गुणिले चार’ ही खूण, किती चाके चालविली जातात एवढेच सांगते. आसांमध्ये मोकळीक आहे की नाही, याविषयी ती मौन पाळते. एकाच नावाखाली परस्परविरुद्ध रचना नांदत असल्यामुळे एका वाहनाचा नियम दुसऱ्याला लावला जातो, आणि निर्दोष यंत्र सदोष ठरते किंवा सदोष यंत्र निर्दोष. म्हणून थरथरीचे निदान करताना पहिला प्रश्न एकच असावा : या वाहनाच्या दोन आसांमध्ये काय आहे?