पुणे डिव्हिजनची हरवलेली नावे

पहिले महायुद्ध म्हटले की पाठ्यपुस्तकात फ्रान्समधले खंदक येतात. मराठी मुलखातल्या पुष्कळ शिपायांचे महायुद्ध मात्र तेव्हाच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाले. पुणे डिव्हिजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ६ व्या डिव्हिजनने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. वर्षभराने बगदादजवळ टेसिफॉन येथे तिची आगेकूच थांबली. माघारी येताना ती कुत येथे वेढली गेली. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपाशी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १३,००० जण कैदी झाले आणि त्यांतले पुष्कळ परतले नाहीत.

या माणसांचे स्मारक कोठे आहे? शोधू लागलो की ध्यानात येते, ते तीन तऱ्हांनी हरवले आहे.

पहिली तऱ्हा जागेची. बसऱ्याजवळ माकिल येथे १९२९ मध्ये मोठे स्मारक उभे राहिले. १९९७ मध्ये इराकच्या अध्यक्षांच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेले गेले. जुन्या नकाशावर ते शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

दुसरी तऱ्हा दगडाची. अमारा येथील युद्ध-दफनभूमीतले सगळे कोरीव दगड १९३३ मध्ये काढावे लागले, कारण जमिनीतले क्षार त्यांना खात होते. ही क्रिया वर्गात समजावता येते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे खारे पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब पडतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अक्षरे पृष्ठभागावर असल्यामुळे आधी तीच जातात.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट. येथे नाव पुसले गेले नाही, ते लिहिलेच गेले नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे होती. हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या होती. ही वागणूक विषम होती, हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केले.

आपल्याकडच्या गावांतही तसेच दिसते. चावडीत, देवळापाशी किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवर गावातून किती जण महायुद्धावर गेले आणि किती मेले, एवढेच असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने ४६ जण गमावले, म्हणून ते अपशिंगे मिलिटरी झाले. ४६ हा आकडा सर्वांना ठाऊक आहे, पण आकड्याला घर नसते, नावाला असते.

हे काम शाळा करू शकते. गावात अशी पाटी असेल तर ती सकाळी किंवा संध्याकाळी पाहावी. तिरप्या उन्हात झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ती वाचता येतात. पाटी आम्लाने मुळीच धुऊ नये, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात विरघळते. मग घरोघर विचारावे. पेन्शनचे कागद पाहावेत. जुने पदक निघाले तर त्याची कड भिंगाखाली धरावी. तेथे बहुधा शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण कळली की कमिशनच्या मृतांच्या यादीशी ते नाव ताडून पाहता येते.

मिळालेली नावे शाळेच्या वहीत ठळक अक्षरांत लिहावीत आणि पाटीवरच्या आकड्याशी जुळवावीत. जितकी कमी पडतील, तितके शोधकार्य पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी शिल्लक आहे.