पॅराबलानी : रुग्णसेवकांची दहशत

इ.स. ४१६ साली रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील राजधानीतून, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून, अलेक्झांड्रिया शहरासंबंधी एक फर्मान निघाले. शहरातील एका विशिष्ट गटाची संख्या पाचशेच्या वर जाता कामा नये; त्यात धनिकांना प्रवेश नसावा; गटातील प्रत्येकाचे नाव शासनाकडे नोंदवलेले असावे; आणि या लोकांनी नाट्यगृहात, नगरसभेत किंवा न्यायालयात जमावाने जाऊ नये. फर्मानात या गटाच्या दहशतीचा स्पष्ट उल्लेख आहे. वाचणाऱ्याला वाटावे, ही गुंडांची एखादी टोळी असेल. प्रत्यक्षात ते चर्चचे रुग्णसेवक होते.

त्यांना ‘पॅराबलानी’ म्हणत. ज्या ग्रीक क्रियापदाशी या शब्दाचा संबंध जोडला जातो, त्याचा अर्थ जीव धोक्यात घालणे, पणाला लावणे. साथीच्या रोग्याला उचलून नेणारा माणूस जिवावर उदार झालेलाच असतो, म्हणून हे नाव. काही अभ्यासक मात्र याचे मूळ स्नानगृहातील सेवकांच्या नावात शोधतात. दुसरी व्युत्पत्ती कमी रोमहर्षक आहे, एवढ्यावरून ती चुकीची ठरत नाही.

पॅराबलानींची स्थापना २५२ च्या महामारीत झाली, असे विधान आंतरजालावर वारंवार आढळते. त्याला आधार नाही. हे नाव प्रथम भेटते ते ४१६ च्या या फर्मानातच. त्यांनी चालवलेले काम मात्र खरोखरच जुने होते, आणि त्याची कहाणी तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सुरू करावी लागते.

२५० च्या आसपास रोमन साम्राज्यात एक भीषण साथ पसरली आणि ती अधूनमधून उसळत सुमारे दोन दशके टिकली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिची लक्षणे नोंदवली, म्हणून तिला ‘सिप्रियनची साथ’ म्हणतात. जुलाब, ओकाऱ्या, घशातील व्रण, रक्ताळलेले डोळे. वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी गेली, काहींची श्रवणशक्ती. रोग नेमका कोणता, यावर अजून एकमत नाही.

अलेक्झांड्रियाची हानी किती झाली, याचा एक विलक्षण पुरावा तेथील बिशप डायोनिशियस याच्या पत्रात आहे. शहरात सरकारी धान्याचा शिधा मिळणाऱ्यांची यादी असे. डायोनिशियस लिहितो की, पूर्वी केवळ चाळीस ते सत्तर वयाचे जितके लोक होते, तितके आता चौदापासून ऐंशीपर्यंतचे सगळे यादीत धरले तरी भरत नाहीत. मृतांचा आकडा तो देत नाही. पण शिधापत्रकाची ही तुलना कोणत्याही आकड्याहून बोलकी आहे.

याच डायोनिशियसच्या दुसऱ्या एका पत्रात रुग्णसेवेचे वर्णन येते. पुरोहित, डीकन आणि सामान्य ख्रिस्ती स्त्री-पुरुष आजाऱ्यांजवळ राहिले. त्यांनी त्यांना पाणी पाजले, मृतांचे डोळे मिटले, देह धुतले, खांद्यावरून वाहून नेले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यापैकी अनेकांना तीच वाट धरावी लागली. इतर लोकांनी मात्र आपल्याच आप्तांना अर्धमेल्या अवस्थेत रस्त्यावर टाकले, असे तो म्हणतो. याच्या जेमतेम काही वर्षे आधी, सम्राट डेशियसच्या काळात, देवतांना बळी अर्पण न करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता, हे ध्यानात घेतले की या पत्रातील तिखटपणा समजतो.

हे वर्णन एका पक्षाचे आहे. बिशप आपल्या मंडळींचे कौतुक करणार आणि परधर्मीयांना नावे ठेवणार, हे स्वाभाविकच. शिवाय सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी अथेन्सच्या साथीचा वृत्तांत लिहिणाऱ्या थ्युसिडिडीझनेही मित्रांच्या घरी शुश्रूषेला जाऊन प्राण गमावणाऱ्यांची नोंद केलेली आहे. मरणाच्या दारी उभ्या माणसाजवळ बसण्याची हिंमत हा कोणा एका धर्माचा शोध नव्हता.

नवी होती ती संघटना.

रोमन जगात दानधर्म भरपूर होता. श्रीमंत नागरिक स्नानगृहे बांधत, धान्य वाटत, खेळ भरवत. पण ते दान शहराला आणि नागरिकांना उद्देशून असे. गरिबी हा त्याचा निकष नव्हता. सैनिकांसाठी रुग्णालये होती, धनिकांच्या घरी वैद्य येत. रस्त्यावरच्या परक्या आजाऱ्यासाठी नेमलेली व्यवस्था नव्हती. याउलट ख्रिस्ती मंडळ्यांत दुसऱ्या शतकापासूनच एक साधी यंत्रणा रुजलेली दिसते. १५० च्या सुमारास रोममध्ये राहणारा जस्टिन सांगतो की, साप्ताहिक उपासनेनंतर ज्याला शक्य असेल त्याने स्वेच्छेने द्यावे, आणि जमलेले द्रव्य अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी यांच्यासाठी प्रमुखाकडे राहावे. त्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा टर्टुलियन मासिक वर्गणीचा उल्लेख करतो. तिच्यातून गरिबांच्या दफनाचा खर्चही भागे. २५१ साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात सहज नमूद करतो की, रोमची मंडळी पंधराशेहून अधिक विधवा व गरजूंना पोसते. ज्या समाजाला स्वतःची इमारत उभारण्याची कायदेशीर शाश्वती नव्हती, त्याच्याकडे पंधराशे जणांची सांभाळलेली यादी होती.

साथ आली तेव्हा ही यादी, हे डीकन आणि ही वर्गणी तयार होती. कार्थेजमध्ये सिप्रियनने कामाची वाटणी केली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पैसा दिला आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी श्रम दिले. सेवा केवळ आपल्यांचीच नव्हे, तर छळ करणाऱ्यांचीही करावी, असा त्याचा आग्रह होता, हे त्याचा चरित्रकार पाँटियस सांगतो. औषध कोणाकडेच नव्हते. तथापि पाणी, थोडे अन्न आणि स्वच्छता एवढ्यानेही अनेक रोगांत काही माणसे वाचतात. अशा प्राथमिक शुश्रूषेमुळे ख्रिस्ती वस्त्यांत मृत्यू कमी झाले असावेत, असा तर्क विल्यम मॅकनील या इतिहासकाराने १९७६ साली मांडला. तो तर्कच आहे, मोजमाप नव्हे; पण वाजवी आहे.

चौथ्या शतकात परिस्थिती पालटली. सम्राट कॉन्स्टंटाइनने चर्चला केवळ मान्यता दिली नाही, तर धान्य आणि सवलतीही दिल्या. पुरोहितवर्गाला नगरपालिकेच्या सक्तीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळाली, आणि या जबाबदाऱ्या त्या काळी सधन घराण्यांना कंगाल करणाऱ्या होत्या. इजिप्तमधील विधवांसाठी सरकारी धान्य अलेक्झांड्रियाच्या बिशपच्या हातून वाटले जाऊ लागले. लवकरच बिशप अथानेशियसवर हेच धान्य विकल्याचा आरोप झाला. त्याने तो नाकारला. आरोप खरा असो वा खोटा, गरिबांचे धान्य कोणाच्या कोठारात आहे, हा आता राजकारणाचा प्रश्न झाला होता.

त्याच शतकात सेवेची प्रतिष्ठा किती वाढली होती, हे विरोधकाच्या तोंडून कळते. जुन्या देवांची उपासना पुन्हा रुजवू पाहणारा सम्राट ज्युलियन याच्या नावे चालत आलेल्या एका पत्रात अशी खंत आहे की, ख्रिस्ती लोक स्वतःच्याच नव्हे तर ‘आमच्या’ गरिबांनाही पोसतात. आपल्या पुरोहितांनीही धर्मशाळा काढाव्यात. थोड्याच वर्षांनी, ३६९ च्या दुष्काळात, आजच्या तुर्कस्तानातील सीझेरियात बेसिलने अन्नछत्र चालवले आणि बिशप झाल्यावर शहराबाहेर रोगी, कुष्ठपीडित व प्रवासी यांच्यासाठी एक वसाहतच उभारली. हा या कहाणीचा उजळ भाग आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो.

अलेक्झांड्रियात दुसरा भाग घडत होता. ४१२ साली सिरिल बिशप झाला. तेथील शाही अधिकारी ओरेस्टिस याच्याशी त्याचा संघर्ष विकोपाला गेला; ४१५ साली तत्त्वज्ञ हायपेशिया हिला जमावाने क्रूरपणे ठार केले. या हत्येत पॅराबलानींचा हात होता, असे आज सर्रास लिहिले जाते. समकालीन इतिहासकार सॉक्रेटिस स्कोलास्टिकस (प्रसिद्ध तत्त्वज्ञ नव्हे) मात्र जमावाच्या पुढाऱ्याचे नाव पीटर असे देतो आणि पॅराबलानींचा शब्दही काढत नाही. संशयाचे कारण पुढील घटनाक्रमात आहे. हत्येनंतरच्या वर्षी अलेक्झांड्रियाहून शिष्टमंडळ राजधानीत गेले आणि लगोलग ते फर्मान निघाले.

फर्मानातील अटी उलट्या वाचल्या की शहराचे चित्र उभे राहते. धनिकांना बंदी घालावी लागली, कारण पैसे देऊन या गटात नाव घालून घेणारे आणि सक्तीची कर्तव्ये चुकवणारे होते. रुग्णाच्या उशाशी त्यांतील किती जण कधी बसले असतील, याची कल्पना करता येते. नाट्यगृह आणि न्यायालय वर्ज्य करावे लागले, कारण तेथे घोषणा आणि धाक यांवर निकाल फिरत. स्वतःचा खटला असल्यास एकट्याने यावे, एवढीच मुभा ठेवली गेली. बिशपच्या शब्दाखातर साथीत शिरणारी शेकडो धडधाकट माणसे बिशपच्याच शब्दाखातर न्यायालयाबाहेरही उभी राहू शकत होती. त्यासाठी वेगळी फौज उभारण्याची गरज नव्हती.

शासनाने नेमणुकीवरची देखरेख स्वतःकडे घेतली खरी, पण ती फार टिकली नाही. ४१८ च्या फेब्रुवारीत दुसरा आदेश निघाला. संख्या पाचशेवरून सहाशे झाली आणि निवडीचा अधिकार पुन्हा बिशपकडे, म्हणजे सिरिलकडेच गेला. याच आदेशात पॅराबलानींचे काम स्पष्ट लिहिलेले आहे : आजाऱ्यांच्या पीडित देहांची शुश्रूषा. सहाशे माणसांचे हे काम थांबणे शहराला परवडणारे नव्हते, असा याचा एक अर्थ लावता येतो. सिरिलचे वजन दरबारात वाढले होते, असा दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

सिरिलनंतर डायोस्कोरस बिशप झाला. ४४९ साली एफिसस येथे त्याच्या अध्यक्षतेखाली धर्मपरिषद भरली. दोन वर्षांनी कॅल्सिडनच्या परिषदेत तिची चौकशी झाली, तेव्हा काही बिशपांनी सांगितले की, त्यांनी एफिससला भीतीपोटी सह्या केल्या, आणि त्याही कोऱ्या कागदांवर. सभागृहात सशस्त्र सैनिक होते, संन्यासी होते आणि पॅराबलानी होते. अलेक्झांड्रियातील रुग्णांपासून एफिसस समुद्रापलीकडे, शेकडो मैल दूर होते.