वाळीत टाकण्याचा अधिकार

समाज म्हटला कीं त्याचे आचारनियम आले, आणि नियम आले कीं ते मोडणाराहि आला. अशा माणसाचें पंचांनीं काय करावयाचें, यावरून समाजाची जितकी पारख होते, तितकी त्याच्या नियमांच्या थोरवीवरून होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. वाळीत टाकणें ही आपल्याकडील फार जुनी शिक्षा. तिचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

मराठेशाहींत गांवचे तंटे गोतसभेपुढें येत. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे व बलुतेदार एकत्र बसत. निवाडा मानूं, असें वादी-प्रतिवाद्यांकडून आधीं लिहून घेत; मग साक्षी होत आणि महजर तयार होई. त्यावर पाटलाचा नांगर व इतरांच्या आपापल्या धंद्याच्या हत्यारांच्या निशाण्या पडत. एका ठिकाणीं न्याय मिळणार नाहीं असें वाटल्यास दुसरें ‘थळ’ मागतां येई. जातीबाहेर गेलेल्या माणसालाहि प्रायश्चित्त घेऊन व गोतास जेवूं घालून पंक्तीस परत बसतां येई. मोगलांच्या कैदेंत मुसलमान झालेले नेतोजी पालकर १६७६ मध्यें शुद्ध होऊन स्वधर्मांत परत आले, हें प्रसिद्धच आहे. या पद्धतीचे गोडवे गातांना एक गोष्ट मात्र विसरूं नये. ज्यांस अस्पृश्य मानलें, त्यांस कोणत्याहि अपराधावांचून जन्मभर बाहेर बसावें लागे. त्यांच्यासाठीं परतीचें प्रायश्चित्तच नव्हतें.

पंचांचा हा अंमल गांवाच्या शिवेपर्यंत चाले, कारण शिवेच्या आंत सर्वांचें वर्तन सर्वांस दिसे. आगगाडीनें तें बदललें. आमचें नांदगांव जी. आय. पी. रेल्वेच्या वाटेवर आलें, आणि गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत वेरूळची लेणीं पाहूं इच्छिणारे कित्येक प्रवासी येथेंच उतरून पुढें जात. डब्यांत कोण कोणाशेजारीं बसला व कोणाच्या हातचें पाणी प्याला, हें त्याच्या गांवच्या पंचांस कसें कळावें? डोळ्यांची पाहणी संपली आणि तिची जागा ऐकीव बातमीनें व पुढें छापील बातमीनें घेतली.

छापील बातमीचें सामर्थ्य काय, हें पुण्याच्या ग्रामण्यांत दिसलें. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे व टिळक हे दोघेहि तेथें होते. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्यांनीं चौकशी नेमली. टिळकांनीं काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार पुढें केला. रानड्यांनीं मित्रांची कुचंबणा पाहून १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल सोसले.

या प्रकरणांत आरोप उघड होता, चौकशी झाली आणि परतीची वाटहि खुली होती. तरी न्याय झाला असें म्हणवत नाहीं. प्रकरण चालूं असतां कित्येक घरीं धर्मकृत्यास भिक्षुक मिळेनासे झाले. ज्या बायकामुलांनीं त्या चहास ओंठहि लावला नव्हता, तींहि शिक्षेंत ओढलीं गेलीं. बहिष्काराचा हा मूळचाच दोष होय. दंड अपराध्याच्या खिशास लागतो; बहिष्कार त्याच्या साऱ्या घरास लागतो, आणि तो कोठें थांबावा हें कोणाच्याच हातीं राहत नाहीं.

हा दोष ओळखून मुंबई प्रांतानें १९४९ मध्यें बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा पंथाचे धर्मगुरु सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनीं त्यास हरकत घेतली, व १९६२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला. धर्मसंप्रदायास आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, हें त्यामागील तत्त्व. पुढें २०१३ मध्यें अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं आमच्या नाशिक जिल्ह्यांतूनच जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. विधिमंडळानें २०१६ मध्यें सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला, आणि जुलै २०१७ पासून तो कायदा अंमलांत आला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

यावरून शिस्तच नको असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. वाचनालयांत आरडाओरड करणाऱ्यास बाहेर जा म्हणण्याचा अधिकार चालकांस नसेल, तर तेथें वाचणारा कोणी उरणार नाहीं. परंतु त्यास वाचनालयाबाहेर घालवणें निराळें आणि त्याच्या घरचें लग्न अडविणें निराळें. ज्या जागेचा नियम मोडला, त्या जागेपुरतीच शिक्षा असावी. नियम आधीं सांगितलेला असावा, आरोप करणाऱ्यानें तोंड लपवूं नये, आरोपीचें म्हणणें ऐकावें आणि निकाल लिहून ठेवावा. महजरावर निशाणी करणारा अक्षरशून्य बलुतेदारहि आपल्या निवाड्याची जबाबदारी उघडपणें घेत असे. मंडळाची, संस्थेची वा वाड्याची शिस्त ज्यांच्या हातीं आहे, त्या आजच्या सुशिक्षितांकडून याहून कमी अपेक्षा कां करावी?