बारामती व इंदापूर तालुक्यांतील जीवशास्त्रीय अभ्यास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके जीवशास्त्राच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी महत्त्वाचे आहेत. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात गवताळ माळराने, कालव्याखालील शेती व उजनी धरणाचा जलाशय असे तीन भिन्न अधिवास जवळजवळ आढळतात.

महाविद्यालये व अतिथी व्याख्याने
बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली स्थापन झाले. ग्रामीण महाविद्यालयांत महागडी उपकरणे मोजकीच असतात. त्यामुळे बाहेरील शास्त्रज्ञांची अतिथी व्याख्याने हे विद्यार्थ्यांना चालू संशोधनाचा परिचय करून देणारे महत्त्वाचे साधन ठरते. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना पदवी स्तरावरील विज्ञान शिक्षणासाठी निवडक महाविद्यालयांना अर्थसाहाय्य देते.

अभ्यासक्षेत्रे
शेती : नीरा डाव्या कालव्यामुळे येथे उसाचे क्षेत्र वाढले, मात्र अतिसिंचन व अपुरा निचरा यांमुळे काही जमिनी क्षारपड झाल्या. दुष्काळ, क्षारता व उष्णता यांचा पिके आणि पशुधनावरील परिणाम अभ्यासण्यासाठी २००९ साली माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली.

जलाशय : भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरते. हिवाळ्यात येथे रोहित, पट्टकादंब इत्यादी स्थलांतरित पक्षी येतात. मासेमारी हा काठावरील अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे.

माळराने : सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणासाठी प्रसिद्ध असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस किलोमीटर आहे. लांडगा, खोकड व तरस हेही या भागातील माळरानांवर आढळतात. पुणे परिसरातील माळरानांवर वेगळ्या रंगाचे लांडगे स्थानिक निरीक्षकांच्या नजरेस आले. त्यानंतर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून लांडगा व कुत्रा यांच्या संकराचा पुरावा मिळाला. संशोधनाच्या आरंभी स्थानिक निरीक्षणाचे किती महत्त्व असते, हे या उदाहरणावरून दिसते.

संवर्धनाचा प्रश्न
माळरानांची गणना दीर्घकाळ पडीक जमिनीत होत आली आहे. शेतीचा विस्तार, औद्योगिक वसाहती व सरसकट वृक्षलागवड यांमुळे गवताळ अधिवास आक्रसतो आणि मेंढपाळांची चराऊ कुरणेही कमी होतात. अशा बदलांचे मोजमाप करण्यासाठी एकाच ठिकाणच्या अनेक वर्षांच्या नोंदी आवश्यक असतात. त्यासाठी दुर्बीण, नोंदवही व सातत्य पुरेसे असल्याने हे काम लहान महाविद्यालयांच्याही आवाक्यात येते.